येसूचा कांचन

कासारमाळला आलात की देवळामागचा हा कांचन आधी पाहायचा. पंचक्रोशीतले सगळे कांचन फाल्गुनात बहरून जातात, हा मात्र चैत्र लागल्याशिवाय एक पाकळी दाखवत नाही. पाहुणे म्हणतात, झाड म्हातारं झालं असेल. मग देवळाचे गुरव तात्या हसतात आणि येसूची गोष्ट सांगतात.

तेव्हा इथे देऊळ नव्हतं, राणोजी पाटलाचं घर होतं म्हणे, आणि हा कांचन त्याच्या परसातला. येसू त्याची लेक. नदीपलीकडच्या एका बिजवराने तिला मागणी घातली. माणूस तालेवार, पण त्याची थोरली मुलगी येसूच्याच वयाची. राणोजी भुलला. परसातला कांचन फुलला की सुपारी फोडू, असा शब्द त्याने देऊन टाकला. पाटलाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीला विचारायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

रोज तांबडं फुटायच्या आत येसू झाडावर चढायची आणि फुगलेल्या कळ्या खुडून शेणाच्या पाटीतून उकिरड्यावर टाकायची. झाड तिनेच पाणी घालून वाढवलेलं. कळी तोडताना तिला भडभडून येई, पण दुसरा इलाज काय होता?

आणि ऐन फाल्गुनात ती तापाने फणफणली. अंथरुणातून उठवेना. सगळा डोंगर कांचनाने फुलला, तसा बिजवर चार माणसं घेऊन दारात आला. राणोजी त्यांना परसात घेऊन गेला. झाड कळ्यांनी लगडलेलं, पण उमललेली एकही नाही. येसूच्या दुखण्यात त्या कळ्या तशाच मिटून राहिल्या होत्या, असं सांगतात. पाहुणे आपसात कुजबुजू लागले. तेवढ्यात भिंत धरत धरत येसू बाहेर आली.

“आबा, आजवर कळ्या मी खुडत हुते,” ती म्हणाली. “आता झाडच थांबलंय. मला तिकडं नांदायचं न्हाई.”

राणोजीने फांदी वाकवून एक मिटलेली कळी हातात घेऊन पाहिली. मग त्याने पागोटं उतरवून बिजवराच्या पायाशी ठेवलं आणि शब्द मागे घेतला. पाहुणे पाय आपटत निघून गेले. येसू आईच्या गळ्यात पडून रडली, पण ते रडणं सुटकेचं होतं. पाडव्याला कांचन असा फुलला म्हणे, की फांदी दिसेना.

आजही कासारमाळात लग्नाची बोलणी चैत्रातच होतात. सुपारी फुटण्याआधी मुलगी स्वतः कांचनाचं फूल आणून बापाच्या हातावर ठेवते, मगच गोष्ट पुढे सरकते. ती रिकाम्या हाताने आली, तर पाहुण्यांना पोटभर जेवू घालून वाटेला लावतात, आणि तिला कारण कुणी विचारत नाही.