हात पोहोचेल तिथवर

एकदा एका नदीकाठच्या गावाने आपल्या जुन्या पेठेचा देखावा उभारायचे ठरवले. फार पूर्वी महापुराने ती पेठ बुडवली होती. त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीची सकाळ देखाव्यात दिसावी, अशी गावकऱ्यांची इच्छा होती. काम एका वृद्ध कारागिराकडे आले. वीतभर उंचीची घरे घडवण्यात त्याचा हातखंडा होता.

त्याने कोपऱ्यातल्या विणकराचे घर आपल्या शिष्यावर सोपवले. "हे जमलं तर पुढची सगळी पेठ तुझी," एवढेच तो म्हणाला, आणि शिष्याची झोप उडाली. पुठ्ठ्याच्या भिंती, काड्यांचे वासे, भाजल्या मातीची नखाएवढी कौले. बिचाऱ्याने जीव ओतला. मग त्याने घराला म्हातारे केले. चहाच्या पाण्याने डाग पाडले, कोळशाची पूड चोळली, भिंतींना भेगा दिल्या आणि दाराच्या वरून पुराची मातकट रेघ ओढली. येणारा-जाणारा थबकून वाखाणणी करी आणि शिष्य फुलून जाई. कौतुक कोणाला कडू लागते?

गुरूने ते घर बराच वेळ फिरवून पाहिले. मग चुन्याची वाटी घेतली आणि दाराच्या उजवीकडची ती देखणी जुनाट भिंत खालून पांढरीशुभ्र करत नेली. कुंचला पुराच्या रेघेच्या थोडा खालीच थांबला.

शिष्याचे डोळे भरून आले. "गुरुजी, काम पसंत नव्हतं तर तसं सांगायचं. मी मोडून टाकलं असतं. हा दुधात मिठाचा खडा कशाला?"

"काम उत्तम आहे," गुरू शांतपणे म्हणाला. "पाण्यानं आणि काळानं या घराचं काय केलं, ते तू तंतोतंत दाखवलंस. पण घरातल्यांनी काय केलं? दिवाळी आली होती रे. धान्य भिजलेलं, माग गाळात रुतलेला. तरी विणकराच्या बायकोनं चुना कालवला असेलच ना? शिडी पुरात गेली, म्हणून हात पोहोचला तिथवरच तिनं भिंत रंगवली. नुसती पडझड दाखवलीस तर घर ओसाड वाटतं. तिथं माणसं राहत होती, हे डागडुजीवरून कळतं."

शिष्याचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण तो त्या भिंतीकडे पाहत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरू आला तेव्हा दाराच्या डावीकडेही चुना लागलेला होता. मात्र तो वाकडातिकडा होता, पायरीवर ओघळला होता आणि फार खालीच संपला होता.

"हा इतका खाली का रे थांबला?" गुरूने विचारले.

"तिकडची भिंत त्यांच्या धाकट्या पोरीनं रंगवली, गुरुजी. तिचा हात तेवढाच पोहोचत होता."

वृद्धाने ती बाजू पुन्हा एकदा निरखली. मग चुन्याची वाटी उचलून त्याने शिष्याच्या हातात दिली.

"घे," तो म्हणाला. "सगळी पेठ रंगवायची राहिली आहे."