मोरीमागची पपई

तुम्ही नवं घर बांधताय, म्हणून परसात सोपं फळझाड कोणतं लावू असं विचारलंत. आमच्या आंबेखोलात हा प्रश्न कोणी विचारत नाही. कुठल्याही घराच्या मागे जा, मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे पपई दिसेल. आंबा, फणस, कोकम सगळं नंतर. आणि ती पपई घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या पुरुषानेच लावायची. कंबर धरली असली तरी खड्डा त्यानेच खणायचा. हसू नका, यामागे एक पोर गेली आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, हे गाव फक्त आंब्यांचं होतं. आजाने लावावं, नातवाने खावं, हाच इथला धर्म. वर्षाच्या आत फळ देणाऱ्या झाडाला लोक हलकं समजत. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं फळ तर तोंडात घालत नसत. यात धाकोजी नावाचा म्हातारा सगळ्यांत कडक. मुलगा वारलेला. घरात सून येसू आणि तिची लहानगी चिंगी. चिंगीवर म्हाताऱ्याचा भारी जीव.

एकदा मोरीपाशी पपईचं रोप आपोआप उगवलं. येसूने ते गुडघ्याएवढं होईपर्यंत जपलं. मग ते धाकोजीच्या नजरेस पडलं.

"बाबा, एवढं राहू द्या," येसू म्हणाली. "चिंगीला होईल खायला."

"चिंगीसाठी मी आंबा लावलाय. माझी नात मोरीवरचं खायची नाही," असं म्हणून त्याने रोप उपटलं आणि कुंपणापलीकडे टाकलं.

त्या साली पाऊस आलाच नाही. कणग्या रिकाम्या झाल्या. पुढे मोहोरही करपला, आणि एवढ्या आंब्यांच्या गावात चाटायला एक कोय उरली नाही. लोक रानातले कडू कंद उकडून खात. मोठ्यांना ते कसेबसे पचत, चिंगीच्या पोटात ठरत नसत. येसूने लाकडांच्या ढिगाआड दुसरी पपई लावली होती. या वेळी धाकोजीने ती पाहिली, पण उपटली नाही. हा तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार आहे, हे त्यालाही कळत होतं.

म्हणे, तो आपल्या वाट्याचं प्यायचं पाणी त्या झाडाला घालू लागला. ओठ फुटले तरी घालत राहिला. बोटांनी चाचपून फळ किती धरलंय ते बघायचा. ग्रामदेवीपुढे कपाळ आपटून म्हणाला, "माझे उरलेले दिवस त्या झाडाला दे, पण लवकर पिकव." गोष्टींत अशा वेळी देव धावून येतो. इथे कोणी आलं नाही. झाड आपल्या वेळेनेच वाढलं.

पपया लिंबाएवढ्या असताना चिंगी गेली. उपटलेलं रोप जागेवर असतं, तर एव्हाना पिकलेलं फळ घरात असतं. येसू हे कधी बोलली नाही. बोलली असती तर म्हाताऱ्याला सोसायला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. पपया पिकल्या तेव्हा तिने त्या शेजारच्या पोरांना वाटल्या. ती पोरं जगली.

पुढल्या पावसाळ्यात धाकोजी मोरीमागे खड्डा खणायला बसला. त्याने कुणाला कुदळ धरू दिली नाही. शेजारणीने विचारलं, "आता कुणासाठी लावता, बाबा?"

"चिंगीसाठी," तो म्हणाला, आणि त्याने माती लोटली.

आजही खड्ड्यात रोप ठेवलं की घरातलं कोणीतरी विचारतं, "कुणासाठी?" घरात चिंगी नावाचं कोणी नसतं. तरी म्हाताऱ्याने तेच नाव घ्यायचं, मगच माती लोटायची. यंदा आमच्या घरी वडीलधारा म्हणून माझी पाळी होती. विचारायला माझी नात उभी राहिली. नाव मला ठाऊक होतं, पण तिच्याकडे बघून ते तोंडातून निघेना.