कोळवंडीची डावी पंगत

“पानं वाढून झालीत, भागू. बाजूला हो.”

“वाढू देत की. ज्याच्यावर अन्याय झाला ते घर राजी झाल्याबिगर घास उचलायचा नाही, हा तुमचाच रिवाज ना, पाटील?”

कोळवंडीच्या डोंगराई देवीच्या देवळापुढं ज्या ओट्यावर आता भाविक चपला काढतात, तिथंच हे भांडण जुंपलं होतं, असं सांगतात. भागू ही देवळाचा राखणदार हैबती रामोशी याची बायको.

वर्षापूर्वी देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. संशय दोघांवर आला, हैबतीवर आणि पाटलाच्या पुतण्यावर, सुभानजीवर. सुभानजीनं बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि तो घरी जेवायला गेला. रामोश्याच्या शपथेला कोण विचारतो? त्याला दिव्य करायला लावलं. उकळत्या तेलात उजवा हात घालून धातूचा तुकडा काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहोर केली. तिसऱ्या दिवशी पिशवी सोडली, तर कातडी तिच्याबरोबरच निघून आली, म्हणे. हात पोळला म्हणजे चोर! पंचांनी तो मनगटापासून तोडवला.

पुढं पाटलाच्या घरचं धान्याचं पेव उपसताना तळाशी मुखवटा निघाला. सुभानजी कबूल झाला. तेव्हा त्याच पंचांना एकाएकी दया सुचली. पोर चांगल्या घरचं आहे, गावजेवण घालून शुद्ध होऊ दे.

तीच ही पंगत. भागू पायरीखाली उभी होती.

“माग काय हवं ते,” पाटील म्हणाले. “लुगडं घे, जमीन घे.”

“हात द्या.”

“तुटलेला हात परत येतो का, बाई?”

“ते मला सांगता होय? डाव्या हातानं जेवतो म्हणून माझ्या धन्याला सख्खे भाऊ पंगतीत घेत नाहीत. कुत्र्यागत दाराबाहेर जेवतो तो.”

पुरणाची पानं निवत चालली.

आजही चैत्री पौर्णिमेला पाटील घराण्यातला थोरला पुरुष गावादेखत एकटाच पानावर बसतो. शेजारी कुणी बसत नाही. घास घेण्याआधी, भागूच्या ज्या बोलण्यानं ते भांडण मिटलं, ते त्याला मोठ्यानं म्हणावं लागतं:

“उजवा हात पाठीशी बांधा, माझा धनी जेवतो तसं जेवा, आणि तुमची पोरंबाळंही तशीच जेवतील असं देवीपुढं कबूल करा, मग मी राजी.”