कॉटवर बसायचं नाही

“पण बाई, यात कमी काय आहे, ते तरी सांगा ना!”

मृणालिनीने तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या हातात टाईप केलेला कागद होता. तो तिने स्वतः लिहिला होता, त्यामुळे त्यात काही कमी असेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

सलोमीबाई उताण्या पडल्या होत्या. तीस वर्षं त्या या इस्पितळाच्या आणि इथल्या नर्सिंग शाळेच्या मेट्रन होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या नर्सा तापीच्या दोन्ही काठांवर सापडतील. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आणि गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. आता त्या आपल्याच वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. पायाला वजन टांगलेलं होतं. मान आणि हात तेवढे हलत होते.

“परत वाच,” त्या म्हणाल्या.

मृणालिनीने घसा साफ केला. “आमचं ध्येय : समाजाला कुशल आणि संवेदनशील परिचारिका देणं. आमची मूल्यं : सेवा, करुणा, शिस्त, सचोटी.”

बाईंनी डोळे मिटले.

“छान आहे.”

“मग?”

“मग काय? छान आहे म्हटलं ना.”

मृणालिनीचं एवढ्यावर भागणार नव्हतं. ती बाईंचीच विद्यार्थिनी. वर्गात पहिली, विद्यापीठात पहिली, सोन्याचं पदक बैठकीच्या खोलीत टांगलेलं. नाकासमोर चालणारी मुलगी. आता ती याच शाळेत शिकवत होती, आणि अशा हुशार माणसांना नुसतं ‘छान’ पचत नाही. शाळेच्या दारात मोठा फलक लागणार होता. ‘मजकूर एकदा बाईंना दाखव,’ असं प्राचार्यांनी सांगितलं, म्हणून ती आली होती.

निदान तिला तरी तसं वाटत होतं.

“मग खाली सही करता का, बाई?”

“करते की. आणि त्या पाकिटात काय आहे?”

मृणालिनीने काखेतलं पाकीट आणखी घट्ट धरलं.

“ताकाला जाऊन भांडं लपवू नये, मृणाल.”

“... शेवंता पावराचा निकाल आहे. प्रॅक्टिकलचा. पाच वाजता ऑफिसात द्यायचाय.”

“पास?”

“नापास. दुसऱ्यांदा.”

दुसऱ्यांदा नापास म्हणजे शाळेतून नाव कमी, हे दोघींनाही ठाऊक होतं. शेवंता सातपुड्यातल्या पाड्यावरची. परत गेली की दिवाळीनंतर बापाबरोबर ऊसतोडीला. तिच्या हातात पुन्हा थर्मामीटर येणार नव्हता, कोयताच येणार होता.

“काय चुकलं तिचं?”

“स्पंजिंगची परीक्षा होती. पेशंटचं अर्धं अंग पुसून झालं आणि कॉटवर बसली.”

“बसली?”

“चक्क बसली, बाई! माझ्यासमोर! बादलीतलं पाणी गार झालं, वेळ संपला, पाठ पुसायची राहिली ती राहिलीच.”

“का बसली?”

“ते मी नाही विचारलं.”

“पेशंट कोण होती?”

“अकरा नंबर.”

बाईंनी डोळे उघडले.

“नाव नाही आठवत,” मृणालिनी घाईने म्हणाली. “एक म्हातारी आहे. तिने पोरीचं मनगट धरून ठेवलं होतं.”

ते मनगट तिने पाहिलं होतं. म्हातारीची बोटं कशी रुतली होती, तेही पाहिलं होतं. पण पडदा ओढला का, याला दोन मार्क होते. पाणी कोमट होतं का, याला दोन. आधी तोंड, मग हात, मग छाती, हा क्रम पाळला का, याला पाच. मनगटासाठी तक्त्यात रकाना नव्हता. परीक्षेच्या दिवसापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती आज फलकासाठी आलीच नव्हती. निकाल बरोबर आहे, असं बाईंच्या तोंडून ऐकायला आली होती.

“नियम तुमचाच आहे, बाई. पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलात. कॉटवर बसायचं नाही. चादर विसकटते, जंतू जातात, दुखऱ्या अंगाला हिसका बसतो. मी एकदा बसले, तर मला वॉर्डाबाहेर काढलंत.”

“काढलं होतं.”

“मग?”

“बरोबरच केलं होतं.”

मृणालिनीला हायसं वाटलं. “म्हणजे शेवंताचा निकाल...”

बाईंचा चेहरा एकदम आवळला. मांडीचा स्नायू आखडला होता. मोडलेल्या हाडाभोवतीची ही कळ ज्याने सोसली त्यालाच माहीत. तोंडातून आवाज न काढण्याची बाईंची जुनी सवय, पण कपाळावर घाम फुटला.

मृणालिनीने सगळं बिनचूक केलं. वजन पाहिलं, दोरी सरळ आहे का पाहिलं, केसपेपर उघडला. “पुढच्या इंजेक्शनला अजून वीस मिनिटं आहेत, बाई. सिस्टरना सांगून येते.”

बाईंनी हात वर केला.

सहीसाठी असेल, असं वाटून तिने त्या हातात पेन दिलं. पेन खाली पडलं, घरंगळत शेजारच्या कॉटखाली गेलं. हात तसाच राहिला.

तेव्हा कुठे मृणालिनीने तो धरला.

बाईंची पकड म्हाताऱ्या माणसाची वाटेना. मृणालिनी पुढे ओढली गेली. वाकून कंबर भरून आली. स्टूल कुणीतरी शेजारच्या कॉटपाशी नेलं होतं, आणि ते आणायचं तर हात सोडावा लागला असता. तो सोडवेना. बाईंचा श्वास तुटत होता, जुळत होता, पुन्हा तुटत होता. तिचं बोट त्यांच्या मनगटावरच होतं, पण नाडी मोजायची तिला आठवण झाली नाही. तिला नुसतं वाईट वाटत होतं. ज्या बाईंना ती पंधरा वर्षं भीत आली, त्यांचा हात इतका हलका असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“आहे मी, बाई,” ती म्हणाली. “इथंच आहे.”

हळूहळू कळ ओसरली. पकड सैल झाली. खिडकीतलं ऊन भिंतीवर थोडं वर सरकलं होतं. वॉर्डात कुणीतरी भांडी विसळत होतं.

मृणालिनीने मोकळ्या हाताने बाईंचा घाम पुसला, आणि तेव्हा तिचं लक्ष स्वतःकडे गेलं. साडी चुरगळली होती. चादरीला मोठी घडी पडली होती. ध्येयाचा आणि मूल्यांचा कागद तिच्या मांडीखाली गेला होता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाई... मी कॉटवर...”

ती उठायला गेली. बाईंनी हात सोडला नाही.

“त्या पोरीचा निकाल काढ,” त्या म्हणाल्या. “आणि उठू नकोस. इथं बसूनच वाच.”