चाबूक कोणी उचलला?

सरदार हैबतरावांच्या रागाला अख्खी गढी वचकून असायची. एके सकाळी घोड्याचं खोगीर सैल राहिलं म्हणून त्यांनी सटवा मोतद्दाराला चाबकानं फोडून काढलं. लोक कुजबुजू लागले, तसं त्यांनी विसाजीपंत वैद्यांना बोलावणं धाडलं.

“वैद्यराज, सटवाला मी नाही मारलं, माझ्यातल्या रजोगुणानं मारलं. माणसाला धावायला, हाणायला तोच लावतो, असं तुमचंच शास्त्र सांगतं ना? मग तो समूळ काढून टाका. जमत नसेल तर गाव सोडा!”

विसाजीपंत सटवाच्या पाठीला लेप लावूनच आले होते. त्यांनी गरम दूध मागवलं, लेप करून उरलेली हळद त्यात ढवळली आणि पेला समोर ठेवला. औषध समजून सरदारांनी लगेच हात पुढे केला.

“थांबा सरकार. हा हात कोणाचा?”

“कोणाचा म्हणजे? माझाच!”

“पण रजोगुणाशिवाय बोटसुद्धा हलत नाही, हेही शास्त्रच सांगतं. मग दुधाचा पेला उचलणारा हात तुमचा, आणि चाबूक उचलणारा तेवढा रजोगुणाचा?”

सरदारांचा हात पेल्यापाशीच थबकला. त्यांनी विचारलं, “सटवा कुठं आहे?”

“पागेत, पालथा पडलाय.”

सरदारांनी पेला उचलला. हुजऱ्या तो घ्यायला पुढे धावला, पण त्यांनी दिला नाही. दूध सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत ते स्वतःच पागेकडे निघाले.