राजाची बंद खिडकी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजेसुद्धा आपली पाठ आपणच घासत. अशाच एका राजाला आंघोळ करताना गाण्याची भारी हौस होती. गळा मात्र देवाने दुसऱ्याच कुणासाठी घडवलेला असावा.

एका सकाळी राजाने न्हाणीघरात तान घेतली आणि खिडकीबाहेरून कुंभाराच्या गाढवाने तिला जोरदार उत्तर दिलं. पाणवठ्यावरच्या बायका पोट धरधरून हसल्या. राजाला ते फार लागलं. त्याच दिवशी त्याने खिडकीवर फळ्या ठोकून घेतल्या आणि सगळ्यांना सांगितलं, "गार वारा बाधतो मला."

गाणं आत राहिलं, पण आंघोळीची वाफही आतच राहिली. हळूहळू कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उठले. ठिपक्यांचे डाग झाले आणि डाग पसरत पसरत अख्खी भिंत काळी झाली.

राणी म्हणाली, "अहो, खिडकी उघडा. वारा लागला की वाळेल भिंत."

"चुनाच खोटा निघाला," राजा म्हणाला, आणि त्याने वरून नवा चुना फासला. तो वाळतो न वाळतो तोच काळं परत डोकावलं. प्रधानजींना ही दृष्ट वाटली, म्हणून त्यांनी दारावर लिंबू-मिरची टांगली. थोड्याच दिवसांत लिंबालाही बुरशी आली.

अशात दिवाळी आली. राजकन्येचा पहिलाच दिवाळसण! जावई येणार, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला अभ्यंगस्नान घालायचं ते याच न्हाणीघरात. जावई मोठा मानी होता. कुठे काही कमी पडलं, तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

राणीने पुन्हा खिडकीचं नाव काढलं. राजाने पुन्हा गार वाऱ्यावर ढकललं आणि काळ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत मखमली पडदा सोडला. बुरशीला आणखी काय हवं होतं? ऊब होती, ओल होती, आता पांघरूणही मिळालं.

सणाच्या पहाटे जावयाला तेल-उटणं लावलं आणि तो आंघोळीला गेला. उटणं डोळ्यांत गेलं म्हणून त्याने चाचपडत पंचा शोधला. हाताला लागला पडदा. त्याने तो ओढला, आणि ओलीने कुजलेला पडदा सगळ्या काळ्या भुकटीसकट त्याच्या तेलकट अंगावर कोसळला.

दाराबाहेर राजाची म्हातारी आत्या उभी होती. तिची नजर अधू. नरकासुराच्या नावाने पायाखाली चिरडायचं कडू कारीट तिने हातात तयार ठेवलं होतं. तेवढ्यात आतून एक काळाकुट्ट माणूस शिंकत, हात हवेत फिरवत बाहेर आला.

"अगं बाई, खराच आला की मेला!" असं म्हणून आत्याबाईंनी कारीट फेकलं. नजर अधू असली तरी नेम चांगला होता. ते थेट जावयाच्या कपाळावर फुटलं. आरडाओरडा ऐकून पहारेकरीही धावले, आणि कुणीतरी ओळखेपर्यंत बिचाऱ्याने केरसुणीचे फटके खाल्ले.

"गाडी जोडा!" जावई गरजला. "मी या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि हिचंही माहेर आजपासून तुटलं!" राजकन्या डोळे पुसत बोचकं बांधू लागली.

राजा मागोमाग धावला. "अहो, गवंडी नालायक होता. चुनाही खोटा..."

"महाराज, एवढंच सांगा," जावई म्हणाला. "जिथे रोज पाणी तापतं, त्या खोलीच्या खिडकीला फळ्या कशाला?"

राजा तोंड उघडून म्हणणार होता, गार वारा. पण लेकीने बोचक्याला गाठ मारलेली त्याला दिसली आणि त्याचा जीव कासावीस झाला.

"मी गातो," तो म्हणाला. "वाईट गातो. गाढवसुद्धा उत्तर देतं. लोक हसले, म्हणून खिडकी बंद केली."

जावयाच्या काळ्या तोंडात पांढरे दात चमकले.

"हात्तिच्या! मी गायला लागलो की आमच्याकडच्या म्हशी पान्हा चोरतात. गाडी सोडा रे!"

राजकन्येने रडत-हसत गाठ सोडली. राजाने धोतर खोचलं, फळ्या उपटल्या आणि तोंडाला फडकं बांधून काथ्याने भिंत स्वतः घासली. धुऊन झाल्यावर ती कोरडी पुसली. तेव्हापासून राजवाड्यात नियमच झाला. आंघोळ झाली की भिंत पुसायची आणि खिडकी उघडी ठेवायची.

दुसऱ्या सकाळी उघड्या खिडकीतून सासऱ्याने तान घेतली, मग जावयाने घेतली, मग गाढवाने. पाणवठ्यावर हशा पिकला. राजाही हसला. त्या भिंतीवर पुन्हा कधी काळा ठिपका उठला नाही. आत्याबाई मात्र बरेच दिवस विचारत होत्या, "पण तो नरकासुर गेला कुठे?"

तर लहानथोरहो, ध्यानात ठेवा: लाज झाकली की वाढते, तिला वारा लागला की वाळून जाते.