ठकूबाईच्या डोंगराची बोडकी बाजू

पाहुणे, जरा समोर बघा. डोंगर एकच, पण डावीकडे रान इतकं दाट की आत शिरलेली म्हैस गळ्यातल्या घंटेवरून शोधावी लागते, आणि उजवीकडे कुसळही नाही. बाहेरचे लोक म्हणतात, वणवा लागला असेल. आमच्या कुसूरवाडीत मात्र कुणालाही विचारा, तो सांगेल की ही बाजू धाकोजीने वाटून बायकोला पाजली.

ठकूबाई ही म्हणे या खोऱ्यातली एकुलती एक सुईण. आडवं आलेलं मूलही तिच्या हाताखाली सरळ होई, असे सांगतात. पण तिला अर्धशिशी होती. ऊन चढलं की डावं कपाळ ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे नाचायचे, आणि ती डोक्याला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडायची. गाव तेवढा वेळ चिडीचूप. मुसळ थांबे, कोंबडे डालग्याखाली जात. पण बाळंतपण काही डोकं उतरायची वाट बघत नाही. एकदा लोहाराची सून अशीच अडली. ठकूबाई भिंत धरत धरत पोचली, तोवर मूल गेलं होतं.

मग गाव हादरलं, आणि जो तो औषध घेऊन आला. कुणी पाला, कुणी साल, कुणी कसल्याशा मुळीचा रस. ठकूबाई उठून बसली आणि म्हणाली, "मी आजारी हाय, खुळी न्हाई. ज्याचं औषध त्यानं आधी माझ्यासमोर प्यायचं. सांजंपर्यंत धड राहिला, तर मी पिईन."

येसाजी पाटलांनी मानाने पहिला पेला उचलला. त्यांना अशी उचकी लागली की भर पंचायतीत बांधाच्या भांडणाचा निवाडा देताना प्रत्येक "हिक्"ला दोन्हीकडची माणसं "हो" समजली. ते भांडण अजून मिटलेलं नाही. अंतोबा वैद्यांना स्वतःच्याच काढ्याने हसू सुटलं, आणि नेमकं ते तेराव्याच्या पंगतीत बसले होते. हळूहळू औषधं सुचवणारे ठकूबाईचं दार टाळून मागच्या वाटेने जाऊ लागले.

उरला तिचा नवरा, धाकोजी. झाडापाल्यातलं त्याला काही कळत नव्हतं. पण त्याने ग्रामदेवीपुढे नारळ ठेवून शब्द दिला, की हिचं डोकं उतरेपर्यंत हा डोंगर सोडणार नाही. तो रोज उजवीकडून चढे, दिसेल ते मुळासकट उपटे, वाटे आणि पिई. कधी अंगभर गांधी उठत, कधी जीभ जड होई, कधी पोट धरून परसाकडे पळे. ठकूबाई एका हाताने आपलं कपाळ दाबायची, दुसऱ्या हाताने त्याला ताक पाजायची.

"आवो, पुरं करा आता," ती रडायची. "डोकं माझं, आन् मरणार तुमी!"

"गप पड," धाकोजी म्हणायचा. "अजून बाजू संपली न्हाई."

एके दुपारी पाटलांची सून अडली. ठकूबाईच्या डोक्यात घण पडत होते. धाकोजीने सकाळीच हिरवागार रस पिऊन दाखवला होता, आणि अजून त्याला साधी ढेकरही आली नव्हती. ठकूबाईने सांजेची वाट न बघता डोळे मिटून उरलेला रस घशाखाली घातला. थोड्या वेळाने तिने फडकं सोडलं, पदर खोचला आणि ती चालू लागली. मूल सुखरूप झालं. ते पहिल्यांदा रडलं तेव्हा ओटीवर बसलेले पाटीलही रडले म्हणे.

सगळं गाव धाकोजीकडे धावलं. "कसला पाला होता रं?"

धाकोजीने डोकं खाजवलं. "त्या बाजूला जे काय उरलं होतं, ते समदं येकात वाटलं. आता तिथं काय न्हाई."

म्हणून ती बाजू अशी. अर्धशिशी पुन्हा आलीच नाही का, असं तुम्ही विचाराल. यायची म्हणे कधीमधी. पण धाकोजी कोयता घेऊन डावीकडे बघू लागला, की ठकूबाई झटकन उठून म्हणायची, "डोकं उतरलं बरं का!"

आजही आमच्या गावात कुणाचं डोकं दुखलं, तर "हे घे, ते लाव" असं कोणी म्हणत नाही. चुकून एखादा बोललाच, तर घरची बाई निमूट आत जाते, त्याचंच औषध वाटून आणते आणि पेला त्याच्याच पुढे ठेवते. तेव्हा आज मुक्कामाच्या घरी कुणी कपाळ धरून बसलेलं दिसलं, तर पाहुणे, हळूच दार लोटा आणि गप्प बसा.